हळद आणि जेवणानंतरची साखर

आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. युनियनचा माणूस पगारवाढीवर बोलेल, बोनसवर बोलेल, फार तर संपावर बोलेल. त्याने हळदीवर आणि रक्तातील साखरेवर का बोलावे? ही शंका रास्त आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या पगारपत्रकांवर झाले. तरीदेखील चालकांकडे आम्ही हा विषय मागून घेतला. त्याला कारणे दोन.

पहिले कारण आपल्या सांगलीचे. या गावाची पेठ हळदीवर वाढली. हरिपूरच्या भुईतली पेवे, यार्डातले सौदे, हळकुंडांच्या पोत्यांच्या थप्प्या, पोती वाहणाऱ्यांच्या अंगावर बसलेली पिवळी धूळ, हे सारे आपण लहानपणापासून पाहत आलो. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा सर्वांना आनंद झाला, आम्हांसही झाला. ज्या वस्तूवर आपण पोट भरतो, तिच्याविषयी खरे काय आणि फुगवलेले काय, हे आपल्याला ठाऊक असावयास हवे.

दुसरे कारण अधिक कडू आहे. मधुमेह हा एके काळी बंगल्यातला रोग समजला जाई. आता तो चाळीत उतरला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे दाखवून दिले आहे की, आपला माणूस दिसायला किडकिडीत असला तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. अशी माणसे मधुमेहाला लवकर बळी पडतात. तेव्हा "मी काही लठ्ठ नाही, मला कसली साखर?" हे म्हणणे आता चालावयाचे नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. जेवल्यानंतर शरीरात होते काय?

भाकरी असो, भात असो, पोळी असो, तिच्यातील पिठूळ भागाची आतड्यात साखर होते आणि ती रक्तात येते. पेठेच्या भाषेत सांगावयाचे तर मालाच्या गाड्या यार्डात येऊन उभ्या राहतात. रक्त म्हणजे यार्डातला रस्ता. माल रस्त्यावर पडून राहून उपयोगाचा नाही. तो गोदामात गेला पाहिजे. आपली गोदामे म्हणजे यकृत आणि स्नायू. ती उघडावयास लावतो तो मुकादम म्हणजे इन्सुलिन. पोटातल्या स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीतून तो येतो. माल आला की मुकादम बाहेर पडतो, हाक देतो, गोदामांची दारे उघडतात, आणि दोन तासांत रस्ता बहुतेक मोकळा होतो.

मधुमेहात दोन तऱ्हांनी बिघाड होतो. एक तर मुकादम पुरेसे येत नाहीत. किंवा ते येतात, हाका देतात, पण दारे उघडत नाहीत; मग त्याच कामाला एकाऐवजी दोन, दोनाऐवजी चार मुकादम धाडावे लागतात. अशी ओढाताण वर्षानुवर्षे चालली म्हणजे स्वादुपिंड थकते आणि माल रस्त्यावर साचतो. साचलेला माल डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा आणि हृदय यांना हळूहळू नासवतो. म्हणून डॉक्टर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० च्या आत असला तर ठीक. १४० ते १९९ म्हणजे उंबरठा. २०० किंवा त्यापुढे म्हणजे मधुमेह. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक आकडा आला तरी मधुमेहच समजतात.

या यंत्रणेत हळद कोठे बसते? आपल्याकडे हा विचार नवा नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयात प्रमेहावरील औषधांत आवळा आणि हळद यांना अग्रमान दिला आहे. पूर्वजांनी निरीक्षण केले, ते लिहून ठेवले, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु त्यांच्याजवळ रक्तातील साखर मोजावयाचे साधन नव्हते. ते आपल्याजवळ आहे. मोजण्याचे साधन हाती असून मोजावयाचे नाही, याला परंपरेचा अभिमान म्हणत नाहीत.

मोजमाप झाले आहे. स्वीडन देशात माल्मो नावाचे शहर आहे. तेथील संशोधकांनी १४ निरोगी माणसे घेऊन एक प्रयोग केला आणि २०१० साली तो प्रसिद्ध केला. प्रत्येकाला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजले. एका दिवशी त्याबरोबर ६ ग्रॅम हळद कॅप्सूलमधून दिली, आणि दुसऱ्या दिवशी हळद नसलेल्या कॅप्सूल दिल्या. म्हणजे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच. मग दोन तासांपर्यंत ठराविक वेळाने रक्त घेऊन साखर आणि इन्सुलिन दोन्ही मोजले.

निकाल काय लागला? हळदीने रक्तातील साखरेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. इन्सुलिन मात्र अर्ध्या तासाने आणि एक तासाने हळदीच्या दिवशी अधिक आढळले, आणि दोन तासांचा एकूण हिशेबही अधिकच भरला.

हा निकाल नीट समजून घ्या, कारण गोंधळ येथूनच सुरू होतो. "हळदीने इन्सुलिन वाढते" एवढेच अर्धे वाक्य उचलावयाचे आणि त्याची जाहिरात करावयाची, हे सोपे आहे. पण आपल्या यार्डाचा हिशेब मांडा. मुकादम जास्त आले आणि रस्त्यावरचा माल होता तेवढाच राहिला. याचा अर्थ काय लावणार? हळदीने स्वादुपिंडाला जाग आणली असेल, असा एक अर्थ होईल. तेवढ्याच कामाला त्या दिवशी जास्त मुकादम लागले, असा दुसराही होईल. आलेले मुकादम परत जावयास वेळ लागला, म्हणजे इन्सुलिन रक्तातून सावकाश नाहीसे झाले, असा तिसराही होऊ शकेल. चौदा माणसांच्या एका प्रयोगावरून यांतला कोणता खरा, हे ठरत नाही. शिवाय ती माणसे निरोगी होती. ज्याचे स्वादुपिंड आधीच थकले आहे, त्याला त्याच हळदीने काय होईल, हे त्या प्रयोगाने सांगितलेले नाही. थकलेल्या बैलाला आसूड मारला की तो चार पावले जोराने चालतो. म्हणून आसूड हा चारा होत नाही.

याच संशोधकांच्या गटातील काहींनी २००७ साली दालचिनीचाही प्रयोग प्रसिद्ध केला होता. तेथेही माणसे १४ च. तांदळाच्या खिरीत ६ ग्रॅम दालचिनी घातली तेव्हा खीर जठरातून सावकाश पुढे सरकली आणि जेवणानंतरची साखर कमी चढली. दोन मसाले, वजन सारखेच, पण परिणाम वेगळे. सगळे मसाले एकाच पोत्यात भरून "स्वयंपाकघर हाच दवाखाना" अशी घोषणा देता येत नाही, ती यामुळे.

आता वजनाचा प्रश्न घेऊ. वजनाची बाब आली की हमालाला फसवणे अवघड असते! ६ ग्रॅम हळद म्हणजे चहाचे सुमारे दोन चमचे. आपल्या घरी चार माणसांच्या आमटीत अर्धा चमचा हळद पडली तर ती साधारण दीड ग्रॅम झाली. प्रत्येकाच्या ताटात ४०० मिलिग्रॅमही आली नाही. माल्मोच्या प्रयोगाइतकी हळद एका जेवणात पोटात जावयाची तर एका माणसाने सोळा माणसांची आमटी प्यावी लागेल.

बरे, हळदीतील ज्या द्रव्याचा एवढा गाजावाजा होतो, ते कुर्कुमिन. फोगेल आणि पेलेतिए यांनी ते १८१५ साली वेगळे केले, आणि त्याची घडण १९१० साली उलगडली. हळदीच्या भुकटीत ते शंभर भागांत सुमारे तीन भाग असते. म्हणजे सहा ग्रॅम हळदीत दोनशे मिलिग्रॅमच्या आतच. त्यातलेही रक्तात फारच थोडे उतरते, बाकीचे वाया जाते. बंगलोरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की, २ ग्रॅम कुर्कुमिनबरोबर मिऱ्यातील पायपेरिन २० मिलिग्रॅम दिले तर रक्तात उतरणारे प्रमाण कैक पटींनी वाढते. तेव्हापासून मिरी घातलेल्या हळदीच्या गोळ्यांचा बाजार तेजीत आला.

पण अंगात जास्त उतरणे हे नेहमी चांगलेच असते काय? अमेरिकेत औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजांची नोंद ठेवणारी वैद्यांची एक यंत्रणा आहे. तिने हळदीच्या गोळ्यांमुळे यकृत दुखावलेल्या दहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतील पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एकाचा मृत्यू झाला. अशी माणसे थोडी आहेत, हे मान्य. आमटीतल्या हळदीने असे काही होते, असेही आम्ही म्हणत नाही. पिढ्यान् पिढ्या आपण ती खात आलो आहोत. परंतु ताटातली हळद वेगळी आणि सत्त्व काढून गोळीत दाबलेली हळद वेगळी. पहिलीचा विश्वास दुसरीच्या नावावर खपवणे हा मालाचे लेबल बदलण्याचा प्रकार आहे.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कुर्कुमिनचे सत्त्व आठवडे, महिने देऊन मधुमेही रुग्णांवर अनेक प्रयोग झाले आहेत. ते एकत्र करून पाहणाऱ्यांना उपाशीपोटीच्या साखरेत काहीशी घट दिसते. पण प्रयोग बहुतेक लहान, मात्रा निरनिराळ्या, आणि काहींची पद्धत कच्ची. एवढ्यावरून "शोध चालू ठेवा" असे म्हणता येते, "गोळ्या फेका" असे म्हणता येत नाही.

वनस्पतीतून औषध निघत नाही, असे आमचे मत मुळीच नाही. मधुमेहावर आज जगभर दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी घ्या. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती आहे; तिच्यातील द्रव्याच्या अभ्यासातून त्या कुळातील औषधे तयार झाली, आणि १९५७ साली पॅरिसच्या झां स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. त्या वनस्पतीला ही पदवी तपासण्या उत्तीर्ण होऊन मिळाली. हळदीलाही तोच दरवाजा खुला आहे. मागच्या दाराने तिला आत घेण्याचे कारण नाही.

हे सारे आम्ही इतक्या तळमळीने का सांगत आहोत? आमच्या युनियनचा एक सभासद, पन्नाशीच्या आतला हमाल. साखर निघाली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तो घेत होता. मग कोणीतरी त्याला हळदीच्या सत्त्वाची महाग डबी विकली. एके दिवशी तो आम्हांस म्हणाला, "अण्णा, त्या गोळ्या सोडल्या बघा. आता हळदीवर आहे. आयुष्यभर वाहिली, आता ती मला सांभाळेल." आम्ही त्याला परोपरीने समजावले, डॉक्टरांकडे चल म्हणून मागे लागलो. त्याने ऐकले नाही. सात-आठ महिन्यांनी पायाला खिळा लागला. पायाला संवेदनाच राहिली नव्हती, त्यामुळे त्याला दोन दिवस कळले नाही. जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. हमालाचे भांडवल म्हणजे पाठ आणि पाय. पायच गेला तर कोणता माथाडी कायदा त्याला पोते उचलून देणार? डबी विकणारा पुन्हा दिसला नाही. हळदीने त्याचा पाय गेला असे नव्हे. हळदीच्या भरवशावर खरे औषध सुटले, म्हणून गेला. हा भेद ध्यानात ठेवा.

येथे कोणी म्हणेल, "तुम्ही परदेशी प्रयोगांचे गोडवे गाता; आपल्या हळदीचे पेटंट अमेरिकेने घेतले होते, ते विसरलात काय?" विसरलो नाही. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघांना, जखमेवर हळद वापरण्याच्या पद्धतीबद्दल अमेरिकेत पेटंट मिळाले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिले, आणि १९९७ साली ते रद्द झाले. ती लढाई अभिमानास्पद होती. पण ती कशाने जिंकली? घोषणांनी नव्हे. जुने ग्रंथ आणि छापील लेख कागदोपत्री पुढे ठेवले, म्हणून जिंकली. आणि तिने सिद्ध काय झाले? जखमेवर हळद लावण्याचे ज्ञान आपले जुने आहे, एवढेच. त्या निकालाने हळद मधुमेह बरा करते असे ठरले नाही. मालकीचा दावा वेगळा, गुणाचा दावा वेगळा. हे कोर्टात उभा राहिलेला कोणताही कामगार सांगेल.

पेटंटचा विषय निघालाच आहे, तर इन्सुलिनची हकिगतही ऐका. १९२१ साली टोरंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांच्या साहाय्याने, ते हाती आणले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्पसन या मुलाला त्याची पहिली सुई दिली. तोपर्यंत अशा मुलांपुढे मरणाखेरीज वाट नव्हती. त्याचे पेटंट संशोधकांनी टोरंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. औषध सर्वांचे व्हावे ही त्यामागची भावना होती. शंभर वर्षांनंतरही जगात कित्येकांना ते परवडत नाही, ही लाज त्या संशोधकांची नव्हे. ती व्यवस्थेची आहे. गोरगरीब माणूस डबीवाल्याच्या नादी का लागतो, याचे एक उत्तर येथे आहे. दवाखान्यात रांग मोठी, गोळ्या संपलेल्या, एक दिवसाची मजुरी बुडते. डबीवाला मात्र दारात येतो आणि गोड बोलतो. कामगाराला अडाणी म्हणून मोकळे होणाऱ्यांनी आधी ही रांग पाहावी.

मग जेवणानंतरची साखर खाली आणते तरी काय? याचाही पुरावा आपल्याच देशात आहे. मद्रासच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांवर तीन वर्षे प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीप्रमाणे सोडून दिले, त्यांतील शेकडा ५५ मधुमेही झाले. ज्यांना रोज अर्धा तास भरभर चालावयास आणि साखर, तेलतूप, मैदा कमी करावयास सांगितले, त्यांत हे प्रमाण शेकडा ३९ च्या आसपास राहिले. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ते जवळपास तेवढेच, शेकडा ४० होते. म्हणजे चालणे आणि ताट सुधारणे हे गोळीच्या तोडीचे ठरले.

याची रीतही आपल्या यार्डाच्या उदाहरणाने समजते. स्नायू काम करू लागले की त्यांची दारे मुकादमाच्या हाकेवाचूनही काही अंशी उघडतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी रस्त्यावरचा माल हलू लागतो. यात विकत घेण्यासारखे काही नाही, म्हणून याची जाहिरात कोणी करीत नाही.

पण बंधूंनो, चालावयाला वेळ लागतो आणि नीट जेवावयाला पैसा लागतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांहून जास्त सलग काम घेऊ नये, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, २५० हून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह असावे, असे घालून दिले. ते हक्क कामगारांनी भांडून मिळवले. तेव्हा आमच्या आधीच्या पिढीला वाटले असेल की हा पोटाचा प्रश्न आहे. आज कळते की तो रक्ताचाही प्रश्न होता. रात्रपाळीचा पहारेकरी, बारा बारा तास बैठकीवरचा ट्रकचालक, वडापाव आणि चहावर दिवस काढणारी बांधकामावरची बाई, यांना "रोज चाला, डाळ-भाजी खा" असा उपदेश करून भागत नाही. जेवणाची सुटी, उपाहारगृहात पांढऱ्या भाताबरोबर भाकरी आणि उसळ, वर्षातून एकदा मोफत रक्ततपासणी आणि दवाखान्यात न संपणाऱ्या गोळ्या, या मागण्या पगाराच्या मागणीइतक्याच मोठ्या आहेत. आम्ही त्या मागण्यांच्या पत्रकात घातल्या आहेत. मालकवर्गाने हसावे, पूर्वी आठ तासांच्या मागणीलाही हसत असत.

शेवटी घरी जाताना एवढे घेऊन जा. आमटीतील हळद चालू ठेवा. तिच्यावाचून आपल्या ताटाला रंग नाही. मात्र ती औषध समजून गोळ्यांनी गिळू नका, आणि गिळावयाचीच असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. इतर औषधांशी तिचे जुळते की नाही, हे त्यांनी पाहावयाचे असते. चालू असलेली गोळी किंवा सुई कोणाच्याही सांगण्यावरून आपल्या मनाने बंद करू नका. तिशी उलटली असेल आणि घरात कोणाला साखर असेल तर रक्त तपासून घ्या. पायांकडे रोज पाहा. आणि जेवण झाले की लगेच आडवे होण्याऐवजी शेजाऱ्याला हाक मारून गल्लीत एक फेरी मारा. गप्पाही होतील आणि मालही गोदामात जाईल.

आज जेवणे उरकून आलेली मंडळी बरीच दिसतात. त्यांनी रिक्षाने न जाता चालत घरी जावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.